यादी आधी, भाव नंतर

सकाळी ६.००, पालघर

कामाची पिशवी आदल्या रात्रीच भरलेली असते, तरी निघण्यापूर्वी एकदा तपासतो. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, व्हर्नियर, लोहचुंबक, सुती हातमोजे, बारीक दोरा, पुठ्ठ्याचे कॉइन होल्डर आणि दोनशे पानी वही. पॉल स्टीव्हन्स आणि रँडी वीअर यांचं १८३५ ते १९४७ या काळातल्या नाण्यांवरचं पुस्तक वजनाला भारी आहे, पण ते घेतल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही.

माझं काम असं. कोणाच्या घरात वारशानं आलेली इंग्रजी अमदानीतली नाणी असतात, ती विकायची असतात, आणि कुठे, कशी, कितीला हे कळत नसतं. मी त्या घरी जाऊन नाण्यांची यादी करून देतो आणि पुढचे रस्ते समजावतो. दिवसाची ठरलेली मजुरी घेतो. नाणी विकत घेत नाही, विकून दिल्याचं कमिशनही घेत नाही. भाव सांगणारा आणि माल घेणारा एकच असला की विकणाऱ्याचं नुकसान ठरलेलं आहे.

आजचं घर तारापूर गावातलं. आजोबांचं किराणा दुकान होतं. त्यांनी साठवलेली नाणी वडिलांकडे आली. वडील गेल्या वर्षी वारले, मृत्युपत्र केलेलं नाही. थोरला मुलगा बोईसरला कारखान्यात, धाकटा गावी, बहीण केळव्याला दिलेली. फोनवर थोरल्यांना मी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. एक, नाणी चिंचेनं, राखेनं, पितांबरीनं, कशानंही घासायची नाहीत. दोन, ताईंना बोलवून घ्या.

“तिला कशाला उगाच धावपळ? तिचं काही म्हणणं नाही.”

“म्हणणं नसेल तर तसं त्या सांगतील. त्या आल्याशिवाय मी डबा उघडत नाही.”

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाच्या स्वतःच्या मालमत्तेत बायको, मुलगे आणि मुली यांचा वाटा सारखा. इथे आई, दोन भाऊ आणि बहीण, म्हणजे चार वाटे. हे पहिल्या तासात स्पष्ट झालं नाही, तर पुढे चांगला भाव येऊनही घर फुटतं.

सकाळी ७.१५, डहाणू लोकल

२०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत गेली, तेव्हापासून पालघर-बोईसर हा प्रवास सोपा झाला. उमरोळी गेलं की बोईसर. गाडीत तारापूर एमआयडीसीच्या पहिल्या पाळीला उशीर झालेले कामगार, कॉलेजची मुलं आणि डब्यांच्या पिशव्या.

थोरल्यांनी काल रात्री मला एक चित्रफीत पाठवली आहे. तीत ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ असं लिहिलेलं रामदरबाराचं तांब्याचं नाणं दाखवलंय आणि त्याची किंमत एक कोटी सांगितलीय. खाली नोंदणी शुल्क भरण्यासाठी नंबर. “असंच नाणं आमच्या देवघरात आहे,” असा त्यांचा निरोप.

कंपनीनं असं नाणं कधीच पाडलं नाही. राम, हनुमान किंवा कृष्णाची चित्रं आणि कंपनीचं नाव असलेली ही नाणी म्हणजे नंतर बाजारात आलेले ठसे. भक्तीनं ठेवावेत, त्यांना बाजारभाव नाही. त्याच्याही पुढची फसवणूक म्हणजे तांदूळ ओढणारं चमत्कारी नाणं, ज्याला लोक राईस पुलर म्हणतात. आपल्या पट्ट्यातही लोकांनी त्यात जमिनी घालवल्या आहेत. जुन्या नाण्यांची खरेदी-विक्री करून देतो म्हणून कर किंवा शुल्क मागणारे रिझर्व्ह बँकेचं नाव वापरतात. बँकेनं ४ ऑगस्ट २०२१ रोजी पत्रक काढून सांगितलं की असले व्यवहार बँक करत नाही आणि तसा अधिकार कोणालाही दिलेला नाही. जो विकत घेणार आहे तो पैसे देतो. तो आधी मागायला लागला की फोन ठेवून द्यायचा.

सकाळी ८.३०, तारापूर

बोईसरहून शेअर रिक्षानं पास्थळ, कुरगाव करत तारापूर. घरात आई, ज्यांना मी मावशी म्हणतो, दोघे भाऊ, वहिनी आणि केळव्याहून आलेल्या ताई. चहा होतो. ओटीवर चांगला उजेड आहे, तिथेच पांढरी चादर अंथरायला सांगतो. डबा पितळी, आत खादीच्या चार थैल्या.

उघडण्यापूर्वी माझा एक ठरलेला प्रश्न असतो. यातलं काही जमिनीत, विहिरीत, जुन्या भिंतीत सापडलेलं आहे का? या भागात तो विचारावाच लागतो. शेजारच्या चिंचणीत १९५५ मध्ये राष्ट्रकूट काळातले ताम्रपट मिळाले, ज्यांत संजाणचा कारभार पाहणाऱ्या अरब अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. इथली माती अजूनही बरंच काही पोटात ठेवून आहे. जमिनीत दडलेलं द्रव्य, किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर, १८७८ च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दुकानाच्या गल्ल्यातून साठवलेल्या नाण्यांना हे लागू नाही. धाकटे भाऊ सांगतात, सगळी गल्ल्यातलीच, आजोबांच्या हातची. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या ओळीत तारखेसह लिहितो. पुढे लिलाववाला हाच प्रश्न विचारतो.

सकाळी ९.००, यादी

रुपये, अधेल्या, पावल्या, चवल्या, आणे, पैसे असे ढीग आधी वेगळे होतात. मग प्रत्येक ढीग राजाप्रमाणे, मग सालाप्रमाणे. नाणं कडेनं धरायचं, चेहऱ्यावर बोट टेकवायचं नाही. ताईंचं अक्षर चांगलं आहे, म्हणून वही त्यांच्या हाती देतो. मी बोलतो, त्या लिहितात. धाकटे वजन करतात. काम हातात आलं की घरातला ताण बराच उतरतो.

रुपये निघाले ११२.

चौथ्या विल्यमचे १८३५ चे २. कंपनीनं साऱ्या मुलखासाठी एकसारखा रुपया याच साली सुरू केला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणजेच एक तोळा. चांदी बारा भागांत अकरा भाग. तेव्हापासून रुपया हेच तोळ्याचं वजन झालं आणि ८० रुपयांचा शेर भरू लागला. आजोबांनीही जिरं-हिंग रुपयांनीच तोललं असणार, कारण काही रुपये विलक्षण गुळगुळीत झालेत.

व्हिक्टोरियाचे १८४० चे ९. यात बारकावा आहे. काहींवर राणीचं नाव चेहऱ्याभोवती सलग फिरतं, काहींवर ते डोक्याशी दोन भागांत तुटतं. दोन्ही प्रकार वेगळे लिहायचे. १८६२ चे ११. या रुपयांवर १८७४ पर्यंत एकच साल छापत राहिले, म्हणून ११ नाणी एकाच वर्षाची समजू नयेत. मुंबई टांकसाळीच्या काही नाण्यांवर सालाखाली बारीक ठिपके आहेत आणि ते प्रत्यक्ष वर्ष दाखवतात असं अभ्यासक मानतात. भिंगाखाली ठिपके मोजायचे, संख्या लिहायची. ठिपक्यांनी भावात मोठा फरक पडतो. सराफाच्या तराजूला तो दिसत नाही.

१८७७ पासून राणीची सम्राज्ञी झाली. तसे राणीछाप २४. सातव्या एडवर्डचे, बिनमुकुटाच्या डोक्याचे १७. पाचव्या जॉर्जचे ३१.

या ३१ मध्ये एक १९११ चा निघतो आणि मी सगळ्यांना जवळ बोलावतो. राजाच्या झग्यावर एक बारीक हत्ती आहे. सोंड आखूड पडली आणि लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली. ९४ लाखांच्या आसपास नाणी पाडली गेली होती, त्यातली सुमारे ७ लाखच लोकांच्या हाती पोचली, बाकीची वितळवली. पुढच्या साली हत्तीला नीट सोंड आणि मोठा कान मिळाला. १९११ आणि १९१२ ही दोन नाणी मी शेजारी ठेवतो, भिंग मावशींच्या हातात देतो. त्या बराच वेळ पाहतात आणि म्हणतात, “खरंच की, हे नाकच नाहीसं झालंय.”

१९१८ ते १९२० चे रुपये मात्र ढिगानं. पहिल्या महायुद्धात चांदीची इतकी टंचाई झाली की १९१७ मध्ये सरकारनं एक रुपयाची नोट काढली. मग अमेरिकेनं १९१८ च्या पिटमन कायद्याखाली २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानच्या रुपयांसाठी इंग्रजांना विकली. त्या वर्षांत कोट्यवधी रुपये पाडले गेले. शंभर वर्षांचं वय झालं तरी नाणं दुर्मीळ ठरत नाही. ते किती पाडलं, किती उरलं आणि कोणत्या अवस्थेत उरलं, यावर ते ठरतं.

सहाव्या जॉर्जचे १९४० ते १९४५ चे १४. इथे चांदी अर्ध्यावर आली. १९४२ चा रुपया हातात आला की पालघरच्या माणसाला ते साल वेगळं वाचता येतं. १४ ऑगस्ट १९४२ रोजी याच राजाच्या पोलिसांच्या गोळीबारात पालघरचे पाच जण हुतात्मा झाले. पाचबत्तीचा स्तंभ त्यांचा आहे. मी हे सगळ्यांना सांगतो आणि रकान्यात वजन लिहितो.

१९४७ चे ३ रुपये चुंबकाला टपकन चिकटतात. ते निकेलचे, मागे वाघ असलेले. चांदीच्या ढिगातून बाहेर.

उरतो एक. त्यावर साल १९३९.

सकाळी ११.३०, १९३९

हे साल पाहून मी आवाज चढवत नाही, कारण घरातले सगळे माझ्या चेहऱ्याकडे पाहत असतात. पूर्ण चांदीच्या रुपयांतलं हे शेवटचं साल. जवळपास सगळी नाणी वितळवली गेली, फार थोडी उरली. म्हणूनच याची नक्कल फार होते. थोरल्यांना हे आधीपासून माहीत आहे. त्यांचं सगळं गणित या एका नाण्यावर उभं आहे.

वजन ११.६१ ग्रॅम. ठीक. व्यास ३०.५ मिलिमीटर. ठीक. आता पाण्याची परीक्षा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणायचा, नाणं दोऱ्यानं बांधून पाण्यात अधांतरी सोडायचं, तळाला टेकू द्यायचं नाही. काटा १.१२ दाखवतो. ११.६१ ला १.१२ ने भागलं की १०.३७. त्या रुपयाच्या चांदीची घनता १०.३ च्या आसपासच असते. जस्त-कथलाच्या नकला इथेच पडतात. हे नाणं पडलं नाही.

थोरले उभे राहतात. मी त्यांना बसायला सांगतो. धातू खरा आहे, एवढंच आत्ता ठरलं. साल खरं आहे का, ते दुपारी विचारू.

दुपारी १.००, जेवण

बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. जेवताना मावशी उठून आत जातात आणि रुमालाच्या गाठीतून एक गिनी आणतात. “हीसुद्धा लिहायची का?”

गिनी १९१८ ची. सेंट जॉर्जच्या घोड्याखालच्या रेषेवर भिंगातून बारीक रोमन आय अक्षर दिसतं. म्हणजे ती लंडनची नाही, मुंबई टांकसाळीत पडलेली आहे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी मुंबईला इंग्लंडच्या टांकसाळीची शाखा काढून सुमारे १३ लाख सॉव्हरिन, म्हणजे आपण ज्यांना गिनी म्हणतो ती नाणी, पाडली गेली, त्यातलं हे एक. वजन ७.९८ ग्रॅम, सोनं २२ कॅरट.

“ही कुणाची?” मी विचारतो.

“माझ्या आईनं मला लग्नात घातलेली. माळ मोडली, ही राहिली.”

“मग ती यादीत येत नाही. ते तुमचं स्त्रीधन. त्यात कुणाचाही वाटा नाही. विकायची, ठेवायची की कुणाला द्यायची, ते तुम्ही एकट्यांनी ठरवायचं.”

धाकटे लगेच मान डोलावतात. थोरले थोडं थांबून “बरोबर आहे” म्हणतात. मावशी गिनी पुन्हा रुमालात बांधतात. वहीत ताई लिहितात: गिनी १, आईची, वाटणीबाहेर.

दुपारी २.००, चिंचणी

तारापूरला लागून चिंचणी. इथून वरोर, वाणगाव, डहाणूपर्यंतच्या गावांत डायमेकिंग हा घरोघरचा धंदा आहे. सोनार ज्या लोखंडी ठशांवर पत्रा दाबून दागिन्याची नक्षी उठवतात, ते ठसे इथली माणसं हातानं कोरतात. टांकसाळीचं काम आणि यांचं काम मुळात एकच. धातूत उलटं कोरायचं आणि दाबून सुलटं उठवायचं. म्हणून शंकेचं नाणं मी प्रयोगशाळेआधी इथे आणतो.

धाकट्यांच्या ओळखीचे एक कारागीर काका खिडकीजवळ बसलेले. चाळीस वर्षं छिन्नी हातात. मी साल किंवा किंमत काहीच सांगत नाही. फक्त म्हणतो, “काका, यावर कुठे हात फिरलाय का बघा.”

ते नाणं दिव्याखाली तिरपं धरतात. आधी कड पाहतात. दाते सरळ, एकसारखे, मध्ये सांधा नाही. “ओतलेलं नाही. दाबातलंच आहे. मोठ्या मशीनचं.” मग राजाचा चेहरा, मग मागची बाजू. सालापाशी येऊन थांबतात. नाणं हळूहळू गोल फिरवतात.

“हा शेवटचा आकडा बघा. एक, नऊ, तीन, यांच्या कडा वर येताना गोल आहेत. ठशातून धातू वर चढला की कड अशीच येते. या नऊची खालची डावी बाजू तुटक आहे. आणि इथली जमीन बघा, चकचकीत आहे, पण ओढीच्या रेघा आहेत. इथे धातू होता. कुणीतरी खरवडून काढलाय आणि वरून घोटलाय.”

“आधी काय असेल?”

“आठ.”

मी भिंग लावून पाहतो, थोरले पाहतात, ताई पाहतात. एकदा दाखवल्यावर ते सगळ्यांना दिसतं. नाणं १९३८ चं, खरं, पूर्ण चांदीचं. सालातल्या आठचा नऊ केलेला. आजोबांनी गल्ल्यात घेतलं तेव्हाच कदाचित असं असेल, कदाचित नंतर कुणी हौशीनं केलं असेल. १९३८ चा रुपया सर्रास मिळतो, आणि खरवडलेला तर संग्राहक घेतच नाही.

थोरल्यांचा चेहरा उतरतो. मी त्यांना सांगतो की हे आज, आपल्या माणसांसमोर कळलं हे फार चांगलं झालं. लिलावाच्या टेबलावर कळलं असतं तर बाकीच्या १११ नाण्यांकडेही संशयानं पाहिलं गेलं असतं.

दुपारी ३.३०, बोईसर, सराफाकडे

मावशींसह सगळे बोईसरला थोरल्यांच्या घरी निघालो, वाटेत ओळखीच्या सराफाकडे. आज विकायचं काही नाही, फक्त मोडीचा भाव विचारायचा आहे. तो सर्वांत खालचा आकडा. याच्या खाली एकही रुपया जाता कामा नये.

हिशेब घरच्यांना पाठ व्हावा म्हणून मी वहीत मांडून देतो. १९३९ पर्यंतच्या सालांच्या रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. १९४० ते १९४५ च्या रुपयात ५.८३. आपल्याकडे पहिल्या प्रकारचे ९५, दुसऱ्या प्रकारचे १४. झीज सोडली तर शुद्ध चांदी १,०१५ अधिक ८१, म्हणजे १,१०० ग्रॅमच्या जवळ. सोपं व्हावं म्हणून ग्रॅमला १०० रुपये धरले, तर सव्वा लाखाच्या आतली रक्कम. त्या दिवशीचा खरा दर घालायचा आणि घट किती टक्के धरली ते विचारायचं. ढीग वेगळे न करता नाणी काट्यावर ओतली आणि सगळी अर्ध्या चांदीची धरली गेली, तर घराचं ४६० ग्रॅम चांदीचं नुकसान होतं. वर्गवारी वजनाच्या आधी का, त्याचं उत्तर या एका आकड्यात आहे.

कडी लावलेले १४ रुपये सराफ लगेच बाजूला काढतात. इकडे किनाऱ्याला आणि डोंगरपट्टीत चांदीच्या रुपयांच्या माळा बायका घालत. अडीअडचणीला त्या सुट्या होऊन दुकानात येत. डाग दिलेल्या नाण्याला संग्राहकाकडे भाव नाही, त्याची किंमत चांदीची.

संध्याकाळी ५.००, बोईसर, बैठक

थोरल्यांच्या घरी जमिनीवर बसून यादी मोठ्यानं वाचतो. थोरल्यांचा लंडनला असलेला पुतण्या फोनच्या पडद्यावर आहे. त्याचं म्हणणं, “मी दिवाळीला येतो, बॅगेत घेऊन जातो. इकडच्या लिलावात पौंडात भाव येईल.”

त्याला स्पष्ट सांगावं लागतं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं पुरावशेष ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. आपल्या यादीतली बहुतेक नाणी यात येतात, आजीची गिनीसुद्धा. घरात ठेवायला, वाटून घ्यायला, देशात विकायला हरकत नाही. मात्र अशा वस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो, म्हणून विकताना समोरच्याचा परवाना विचारायचा. पुतण्या समजूतदार आहे. “मग राहू दे,” म्हणतो.

आता रस्ते. सराफ वितळवण्याचा भाव देतो, पैसे त्याच दिवशी. नाण्यांचा व्यापारी सगळा लॉट उचलतो, पण त्याला पुढे नफा काढायचा असतो. लिलावात निवडक नाण्याला खरा स्पर्धेचा भाव मिळतो, पण कॅटलॉग, लिलाव आणि पैसे हाती येणं यात महिने जातात, विक्रेत्याचं कमिशन कापलं जातं, आणि राखीव किंमत ठरवली नाही तर नाणं स्वस्तात जाण्याचा धोका असतो. मुंबईत टोडीवाला, ओसवाल अशी लिलावघरं आहेत, बंगळूरला मरुधर. त्यांच्या मागच्या लिलावांचे निकाल पाहता येतात. पुस्तकात छापलेला भाव किंवा जाहिरातीतली मागणी धरू नये, लिलावात प्रत्यक्ष लागलेला भाव धरावा. संग्राहकांना थेट भेटायचं तर पुण्याचं कॉइनेक्स प्रदर्शन आहे.

कर? वारसा मिळाला म्हणून आपल्याकडे कर नाही, मृत्युकर १९८५ मध्येच गेला. विकल्यावर होणारा भांडवली नफा मात्र दाखवायचा. खरेदीची किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चा बाजारभाव धरता येतो, ते सीएकडून काढून घ्यायचं. आणि एका माणसाकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही, कायद्यानं बंदी आहे. पैसे बँकेतून, चौघांच्या खात्यात वेगवेगळे.

सगळ्यांचं बोलणं झाल्यावर ठरलं ते असं.

लिलावाला २९ रुपये: १८३५ चे दोन्ही, १८४० चे ९, १८६२ चे ११, १९११ चा एक आणि राणीछापातले चांगल्या अवस्थेतले ६. दोन लिलावघरांकडे फोटो आणि यादी पाठवायची, कमिशन आणि राखीव किंमत लेखी घ्यायची, मगच नाणी द्यायची.

सर्वसाधारण ६० रुपये आणि चांदीच्या अधेल्या-पावल्या-चवल्या एका लॉटमध्ये: दोन सराफ आणि दोन व्यापारी यांचे भाव एकाच दिवशी घ्यायचे, जास्त देईल त्याला द्यायचे.

कडीचे १४ रुपये सराफाला. त्यांच्याबरोबर तो खरवडलेला १९३९ सुद्धा, समोर वितळवून घ्यायचा. हे मी आग्रहानं मागितलं. तो तसाच विकला तर उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी घराचं गणित त्याच्यावर उभं राहील. थोरल्यांनी स्वतः होकार दिला.

मावशींच्या पसंतीचे ५ राणीछाप लक्ष्मीपूजनासाठी घरात. रामदरबाराचं नाणं देवघरात, जिथे होतं तिथेच.

तांब्याचे पैसे, ढब्बू, भोकाचे पैसे आणि नागमोडी कडेचे आणे यांना बाजारात फार किंमत नाही. पण १९०७ पासूनच्या आण्यावर चार लिप्यांत किंमत लिहिलेली आहे, आणि हे मुलांनी बघण्यासारखं आहे. प्रत्येक प्रकारचं एकेक नाणं काचेत लावून गावच्या शाळेला द्यायचं, बाकीचं निकेलच्या ३ रुपयांसह नातवंडांत वाटायचं. ही सूचना ताईंची. मी त्यांना अंजनेरीचं सांगितलं. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावरच्या त्या गावात १९८० मध्ये सुरू झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. जव्हार-मोखाड्यावरून मुलांना एका दिवसात दाखवून आणता येतं.

संध्याकाळी ७.३०, सह्या

ताईंच्या अक्षरातल्या यादीच्या प्रत्येक पानावर आई, दोन भाऊ आणि बहीण अशा चार सह्या. चौघांच्या संमतीचं पत्र वेगळं. लिलावाला जाणारी नाणी होल्डरमध्ये, प्रत्येकावर यादीतला क्रमांक. प्लास्टिकच्या स्वस्त अल्बमात ठेवू नका असं बजावतो, त्यानं नाण्यावर हिरवा चिकट थर चढतो. डबा उद्या बँकेच्या लॉकरमध्ये, पावती ताईंकडे.

रात्री ९.३०, पालघर

घरी आलो की त्याच दिवशी यादी स्वच्छ लिहून काढतो: क्रमांक, साल, टांकसाळ, प्रकार, वजन, अवस्था, शेरा. १९३९ च्या शेऱ्यात लिहितो, ‘मूळ १९३८, शेवटचा आकडा बदललेला, विक्रीस अयोग्य.’ फोटो क्रमांकानं लावतो आणि चौघांनाही एकाच वेळी पाठवतो. एकालाच आधी पाठवली की शंका जन्माला येते.

तुमच्याही घरात कपाटाच्या मागे असा एखादा डबा असेल, तर दर चढलेला पाहून किंवा जाहिरात पाहून तो काट्यावर नेऊ नका. नाणी घासू नका. सगळ्या वारसांना, विशेषतः लग्न होऊन गेलेल्या बहिणींना, एकत्र बसवा. उजेडात एक-एक नाणं वाचून लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि त्यानंतरच भावाची पहिली चौकशी करा. एक सुटीचा दिवस त्याला पुरतो.